जवळचा रस्ता

शाळेची पहिली घंटा होण्यापूर्वीं पंधरा मिनिटें जो कोणी आमच्या फाटकापाशीं उभा राहील, त्यास एक पाठ आयताच पहावयास मिळेल. पालकांच्या दुचाक्या एकीमागून एक येऊन थांबतात. एक मूल पुढें उभें, दुसरें मागें बसलेलें, आणि त्याच्या पाठीवर दप्तर. चालविणाराजवळ हेल्मेट नसतें असें नाहीं. तें असतें, परंतु कोपरांत अडकविलेलें किंवा आरशावर टांगलेलें. मुलांच्या डोक्यावर तर कांहींच नसतें. विचारावें तर उत्तर ठरलेलें: "सर, घर हें काय येथेंच आहे. जवळचा रस्ता." हें उत्तर पालकांस नांवें ठेवण्याकरितां आम्हीं येथें दिलेलें नाहीं. कित्येक वर्षें तें आमचेंही उत्तर होतें. तें कसें बदललें, आणि मोटारसायकल, तिची स्वारी व तिचा पोशाख यांविषयीं त्या निमित्तानें आम्ही काय शिकलों, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम या वाहनाच्या जन्माची हकीकत थोडक्यांत पाहूं. इ. स. १८८५ मध्यें जर्मनींतील कान्स्टाट येथें गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख या दोघांनीं पेट्रोलवर चालणारें एक लहान यंत्र लांकडी सांगाड्यांत बसविलें. त्या सांगाड्यास दोन मोठीं चाकें होतीं, आणि तोल जाऊं नये म्हणून बाजूंस दोन लहान चाकें लाविलीं होतीं. यंत्राची शक्ति अर्ध्या अश्वशक्तीइतकी, व वेग ताशीं सुमारें १२ किलोमीटर, म्हणजे धांवणाऱ्या मुलाएवढा. पुढें नऊच वर्षांनीं, १८९४ मध्यें, म्यूनिक येथें हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांनीं विक्रीसाठीं मोटारसायकली बनविण्यास आरंभ केला, आणि त्यांचा वेग ताशीं ४५ किलोमीटरांपर्यंत गेला. वेग असा चौपट झाला. परंतु त्या वेगावर बसणाऱ्या माणसाचें डोकें मात्र पूर्वींइतकेंच नाजूक राहिलें. ही गोष्ट ध्यानीं येऊन तिजवर उपाय निघावयास आणखी अर्धें शतक जावें लागलें.

आतां आमच्या अनुभवाकडे वळूं. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास एका कारखान्यांत इंजिनियर आहे. तो व त्याचे मित्र रविवारीं मोटारसायकलींवरून दूर फिरावयास जातात. एका पावसाळ्याच्या अखेरीस त्यानें आम्हांस आग्रहानें बरोबर बोलाविलें. मुळशीच्या बाजूनें जाऊन ताम्हिणी घाट उतरावयाचा, माणगांवास न्याहारी करावयाची, व दुपारपर्यंत परत यावयाचें, असा बेत होता. आमची अशी समजूत होती कीं, ही तरुण मंडळी म्हणजे गडगडाट करीत भरधाव जाणारी, पोरकट हौसेची. प्रत्यक्ष पाहिलें तें निराळेंच.

पहांटे साडेपांच वाजतां बारा गाड्या एकत्र जमल्या. निघण्यापूर्वीं प्रत्येकानें टायरांतील हवा, ब्रेक, साखळीचा ताण व दिवे तपासले. मग त्यांच्यांतील वडीलधाऱ्यानें नियम सांगितले: पुढच्या म्होरक्यास कोणीं ओलांडावयाचें नाहीं; सर्वांत शेवटीं जो राहील तो दुरुस्तीची हत्यारें व औषधपेटी बाळगील; रुंद रस्त्यावर गाड्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आडव्या अंतरानें चालतील, परंतु घाटांत एकामागें एकच; आणि सर्वांचा वेग जो सर्वांत सावकाश चालवितो त्याच्या वेगाइतका. हा शेवटचा नियम ऐकून आम्हांस शिक्षक या नात्यानें मोठें समाधान वाटलें. वर्गही असाच चालवावा लागतो.

त्यानंतर त्यानें प्रत्येकाच्या हनुवटीखालीं बोट घालून हेल्मेटाचा पट्टा ओढून पाहिला. आमच्यापाशीं तो आला, व किंचित् संकोचून म्हणाला, "सर, पट्टा लावलेला नाहीं." खरेंच, आम्हीं तो कधीं लावीतच नव्हतों. आमचा विद्यार्थी पलीकडे पाहूं लागला. ज्याचे जोडे नीट बांधलेले नसत म्हणून आम्हीं त्यास अनेकदां वर्गाबाहेर काढिलें होतें, तोच हा मुलगा!

घाटांत आम्हांस त्यांनीं दोन गोष्टी शिकविल्या. एक ही कीं, पाऊस प्रथम पडतो तेव्हां रस्त्यावर सांडलेलें तेल पाण्यावर तरंगून येतें, म्हणून पहिल्या सरीचा रस्ता सर्वांत निसरडा. दुसरी ही कीं, वळणावर नजर जिकडे तिकडे गाडी; दरीकडे पाहाल तर दरीकडेच जाल, म्हणून वळण जेथें संपतें तेथें पहावें, आणि वेग वळणाच्या आंत नव्हे तर वळणापूर्वीं कमी करावा. त्या दिवशीं सुमारें दोनशें किलोमीटर प्रवास झाला, व कोणासही ओरखडा लागला नाहीं. दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं सकाळीं, आम्ही शाळेस निघालों. अंतर दोन किलोमीटर. हेल्मेट आरशावर.

असो. आमची गोष्ट पुढें पुरी करूं. तत्पूर्वीं एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण तीही जवळच्याच रस्त्याची आहे.

पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत कीर्ति मिळविलेले टी. ई. लॉरेन्स हे इंग्रज गृहस्थ मोटारसायकलीचे मोठे शौकीन होते. ब्रफ सुपीरियर या नामांकित जातीच्या सात गाड्या त्यांनीं एकामागून एक वापरल्या. आपल्या गाडीस त्यांनीं एक नांवही दिलें होतें, आणि तें शुभवर्तमानांतून घेतलेलें होतें: याकोब व योहान या बंधूंस प्रभूनें जें 'गर्जनेचे पुत्र' या अर्थाचें नांव दिलें, तेंच तें. त्या गाड्यांवरून ते शेंकडो मैलांच्या फेऱ्या करीत. परंतु १३ मे १९३५ रोजीं ते लांबच्या फेरीस निघाले नव्हते. दक्षिण इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांत त्यांचें लहानसें घर होतें. तेथून जवळच्या बोव्हिंग्टन छावणींत जाऊन त्यांनीं एक तार पाठविली, व ते घरीं परत येत होते. वाटेंत रस्त्याला उतार-चढ होता. समोर सायकलींवर दोन मुलें होतीं. त्यांस वांचविण्याकरितां लॉरेन्स यांनीं गाडी वळविली, आणि ते दूर फेंकले गेले. मुलें वांचलीं. लॉरेन्स शुद्धीवर न येतां १९ मे रोजीं मरण पावले. त्यांचें वय ४६ वर्षांचें होतें. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्या काळीं शर्यतीच्या मैदानाबाहेर तें कोणी सहसा घालीत नसे.

त्यांस पहावयास बोलाविलेल्या डॉक्टरांमध्यें ह्यू केअर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. ते मूळचे ऑस्ट्रेलियांतील; पुढें ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाले. या मृत्यूनें त्यांस विचारांत पाडिलें. डॉक्टरांचें काम जखमेवर पट्टी बांधण्याचें. परंतु जी जखम बांधतांच येत नाहीं, ती होऊं न देणें हेंही त्यांचेंच काम नव्हे काय? केअर्न्स यांनीं रागावून भाषणें केलीं नाहींत. त्यांनीं मोजदाद केली. दुसरें महायुद्ध सुरू होण्यापूर्वींच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें मोटारसायकलीवरील १,८८४ माणसें मेलीं होतीं. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ही संख्या २,२७९ झाली. अपघातांचे जे रोगी त्यांच्या पाहणींत आले, त्यांच्यांत हेल्मेट घातलेले केवळ सात सांपडले. आणि त्या सातांपैकीं एकही दगावला नव्हता. हा लेख १९४१ च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यांत ब्रिटिश सैन्यानें आपल्या सर्व मोटारसायकलस्वारांस कामावर असतां हेल्मेट घालण्याचा हुकूम दिला. सैन्यांत हें झालें तरी सामान्य लोकांकरितां कायदा व्हावयास १९७३ साल उजाडलें. केअर्न्स १९५२ मध्येंच निवर्तले होते. पेरणारा एक व कापणारा दुसरा, असें चांगल्या कामांत पुष्कळदां होतें.

आतां आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं वही पुढें घ्यावी. हेल्मेट काम कसें करितें? पुष्कळांस वाटतें कीं, वरचें कठीण कवच डोकें वांचवितें. तें अर्धेंच खरें आहे. कवच धारदार वस्तु आंत शिरूं देत नाहीं, व आघात मोठ्या जागेवर पसरवितें. परंतु खरें काम कवचाच्या आंतील पांढऱ्या, थर्माकोलासारख्या थराचें आहे. तो थर चिरडतो, आणि चिरडतां चिरडतां डोक्यास थांबावयास जागा देतो. जो पदार्थ स्वतः मोडतो तोच आपणांस मोडूं देत नाहीं.

हिशेब असा. मोटारसायकलीवर बसलेल्या माणसाचें डोकें जमिनीपासून सुमारें दीड मीटर उंच असतें. गाडी उभी असतां जरी तें डोकें सरळ खालीं आलें, तरी गुरुत्वाकर्षणानें जमिनीस लागतांना त्याचा वेग सेकंदास सुमारें ५.४ मीटर, म्हणजे ताशीं १९ किलोमीटरांहून अधिक होतो. हा वेग उघड्या डोक्यानें दगडी रस्त्यावर समजा २ मिलिमीटरांत थांबविला, तर मेंदूस बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ७५० पट होतो. तोच वेग हेल्मेटाच्या थरानें २ सेंटिमीटरांत थांबविला, तर हिसका सुमारें ७५ पट, म्हणजे एक दशांश. दोन सेंटिमीटर म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढें अंतर. जगणें व मरणें यांच्या मध्यें पुष्कळदां एवढेंच अंतर असतें. आणि या सर्व हिशेबांत गाडीचा वेग आम्हीं शून्य धरिला आहे, हें विसरूं नये.

गाडी चालती असेल तर दुसरा हिशेब करावा. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेंकदास १० मीटर. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं, आणि ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदास ५ मीटरांनीं कमी होतो असें धरूं. तर विचार करण्यांत १० मीटर व ब्रेकांत १० मीटर, मिळून २० मीटरांत गाडी थांबेल. आतां वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर करा. विचाराचे २० मीटर व ब्रेकांचे ४० मीटर, एकूण ६० मीटर. वेग दुप्पट केला तर ब्रेकांचें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें, कारण गतीची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. हें गणित परीक्षेंत चुकलें तर दोन गुण जातात. रस्त्यावर चुकलें तर काय जातें, तें सांगावयास नको.

आतां आमची गोष्ट पुरी करितों. त्या रविवारानंतर तीन महिने लोटले होते. एका सकाळीं शाळेस येतांना सातवींतील एक विद्यार्थी दप्तर घेऊन पायीं चाललेला दिसला. उशीर झाला होता, म्हणून आम्हीं त्यास मागें बसविलें. शाळेच्या अलीकडच्या वळणावर कोणाच्या तरी बांधकामाची वाळू सांडली होती. आमचा वेग ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरांपेक्षां अधिक नव्हता. पुढचें चाक घसरलें, आणि आम्ही दोघेही पडलों. आमच्या तळहातांची सालें निघालीं. मुलाचें डोकें रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलें. तो अकरा दिवस इस्पितळांत होता. त्यांपैकीं पहिले दोन दिवस तो आपल्या आईस ओळखीत नव्हता. देवाच्या कृपेनें तो पूर्ण बरा झाला, आणि हा लेख छापून येईल तेव्हां तोही वाचील. त्याची व त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊनच आम्हीं हें लिहिलें आहे. त्यांनीं आम्हांस एकही कठोर शब्द बोलून दाखविला नाहीं. तो बोलले असते तर सहन करणें सोपें गेलें असतें. आमचें हेल्मेट आरशावरून सुटून गटारांत घरंगळत गेलें होतें. कोणीं तरी तें आणून दिलें. त्यास एक ओरखडाही नव्हता.

तेव्हांपासून आमच्या गाडीस दोन हेल्मेटें असतात. दुसरें रिकामें असेल तरच कोणी मागें बसावें. नाहीं तर चालत यावें. उशिराची शिक्षा आम्ही माफ करूं.

पोशाखाविषयीं चार शब्द सांगणें जरूर आहे. हेल्मेट घेतांना त्यावर भारतीय मानक ४१५१ व आय. एस. आय. ची खूण पहावी. १ जून २०२१ पासून आपल्या देशांत दुचाकीकरितां अशी खूण नसलेलें हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तें गालांस घट्ट बसावें. डोकें हलविलें असतां निराळें फिरूं नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखालीं बोटभर जागा उरावी, अधिक नको. एकदां जोराचा आघात खाल्लेलें हेल्मेट वरून चांगलें दिसलें तरी टाकून द्यावें, कारण आंतला थर एकदां चिरडला कीं पुन्हां उभारी घेत नाहीं. यानंतरची जागा हातमोज्यांची. पडणारा मनुष्य प्रथम हात पुढें करितो, हें आमच्या तळहातांनीं आम्हांस शिकविलें. मग घोटे झांकणारे बूट, जाड कापडाची विजार, आणि खांदे व कोपरें यांच्या जागीं गादी असलेलें जाकीट. चपला घालून मोटारसायकल चालवूं नये. भगिनींनीं ओढणी व पदर नीट खोंचून बसावें. मागच्या चाकाचा अर्धा भाग तरी झांकणारी जाळी असावी असा नियमच आहे, आणि ती शोभेकरितां काढून ठेवूं नये.

कोणी म्हणेल, हेल्मेटानें उकडतें, केस विस्कटतात, मान अवघडते. हें सर्व खरें आहे. परंतु जगांतील अनेक पाहण्या एकत्र करून २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यांत असें आढळलें कीं, हेल्मेटामुळें अपघातांत मरण्याचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्यास इजा होण्याचा धोका सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. आणि आपल्या सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ होतीं. घामाचा त्रास या आंकड्याच्या शेजारीं मांडून पहावा.

शेवटीं कायद्याविषयीं, आणि हें विशेषेंकरून पालकांसाठीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चार वर्षांवरील प्रत्येकानें, मग तो चालविणारा असो वा मागें बसणारा, हेल्मेट घातलें पाहिजे. पगडी घालणाऱ्या शीख बंधूंस तेवढी सूट आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकांसही हेल्मेट घालावें, असा नियम आहे. आणि चार वर्षांखालील मूल बरोबर असतां त्यास चालविणाराशीं पट्ट्यानें बांधून घ्यावें, व वेग ताशीं ४० किलोमीटरांच्या आंत ठेवावा. गाडीवर दोघांहून अधिक माणसांनीं बसूं नये. गिअर असलेली मोटारसायकल चालविण्यास वय १८ वर्षें पुरें पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. "आमचा मुलगा नववींत असून गाडी उत्तम चालवितो," असें कौतुकानें सांगणाऱ्या पालकांनीं हें कलम एकवार वाचावें. मुलास गाडीची किल्ली देणें म्हणजे त्याचे लाड नव्हेत.

आम्ही मोटारसायकलीविरुद्ध नाहीं. पहांटेच्या थंडींत घाटाच्या माथ्यावर उभें राहून खालीं धुकें पाहण्याचा आनंद आम्हीं घेतला आहे, आणि पुन्हांही घेऊं. परंतु त्या बारा स्वारांपासून जें शिकावयाचें तें त्यांच्या गाड्यांचा आवाज नव्हे; शिस्त होय. लांबच्या रस्त्याची भीति सर्वांसच वाटते, म्हणून तेथें आपण सावध असतों. जवळचा रस्ता ओळखीचा असतो, आणि ओळखीवर आपण विसंबतों. वाळूस मात्र आपली ओळख नसते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, या वर्षाचा घरचा अभ्यास सोपा आहे. उद्यां सकाळीं वडील किंवा ताई गाडी सुरू करितील, तेव्हां हेल्मेट आरशावरून काढून त्यांच्या हातांत द्यावें. आणि आपल्याकरितां दुसरें मागावें. तें नसेल तर आग्रह धरावा. हा हट्ट आम्हांस चालेल. आणि एखाद्या दिवशीं आमचाच पट्टा मोकळा दिसला, तर संकोच न धरितां म्हणावें, "सर, पट्टा."